दुकानाची पाटी मराठीत करताय? आधी रात्री दिवा लावून बघा

हा आपल्या नव्या भागाचा लेखी अवतार. लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकून झाल्यावर "ते मटेरियलचं नाव काय होतं?" विचारणाऱ्यांसाठी. आजचा विषय साधा वाटेल, पण त्यात बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. दुकानावरची उजेडाची पाटी, म्हणजे ग्लो साइन बोर्ड. बोर्ड तोच ठेवून नाव बदलायचं किंवा मराठीत करायचं, तर नेमकं काय करायचं?

हे आत्ताच का?

महाराष्ट्रात मार्च २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानं मराठी पाटीच्या सक्तीतून सुटायची. आता सगळ्यांना देवनागरीत मराठी नाव हवं, आणि ही अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २५ सप्टेंबर २०२३ ला कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मुदत संपल्यावर मुंबईत महापालिकेने तपासणी सुरू केली. दंड किती? प्रत्येक कामगारामागे २,००० रुपये.

मग घाईघाईत लोकांनी काय केलं? जुन्या इंग्रजी बोर्डावर जागा मिळेल तिथे मराठी स्टिकर. दिवसा ठीक दिसतं. पण संध्याकाळी सात वाजता बटण दाबलं की इंग्रजी नाव झळकतं आणि मराठीच्या जागी काळा डाग दिसतो. का, ते आता बघू.

स्टिकर रात्री काळा का पडतो?

बोर्डाचा दिवा मागून येतो. साध्या व्हायनलमधून उजेड आरपार जात नाही, म्हणून दिवसा लाल दिसणारं अक्षर रात्री काळं दिसतं. यासाठी वेगळं मटेरियल मिळतं, ट्रान्सलुसंट व्हायनल. त्यातून रंगासकट उजेड बाहेर येतो. दिसायला दोन्ही सारखीच, त्यामुळे ऑर्डर देताना नाव घेऊन मागा. तुकडा हातात आला की मोबाइलचा टॉर्च मागे धरा. रंग उजळला तर बरोबर, काळा पडला तर परत करा.

आधी बोर्ड ओळखा

फ्लेक्सचा बोर्ड असेल तर काम सोपं. चौकट तीच, कापड नवीन. फक्त "बॅकलिट फ्लेक्स" म्हणून सांगा. साधा फ्लेक्स मागून उजेड देण्यासाठी नसतो.

अ‍ॅक्रिलिकचा डबा असेल तर जुनी अक्षरं हीटगनने किंवा हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू सोलायची. उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने काढा. थिनर अजिबात नको, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात आणि दिवा लागला की ते सगळे दिसतात.

इथे अजून एक गंमत आहे. उन्हाने शीटचा रंग बदललेला असतो, पण अक्षरांखालचा भाग झाकलेला होता. म्हणून सोलल्यावरही जुनं नाव भुतासारखं दिसत राहतं. कितीही घासलं तरी ते जात नाही. उपाय दोनच: पूर्ण शीटवर ट्रान्सलुसंट व्हायनल चढवा किंवा शीटच नवी घ्या. बोर्डात तीन पॅनेल असतील आणि एकच बदललं, तर नवं पांढरंशुभ्र आणि बाजूची दोन पिवळट दिसणार. बदलायची तर तिन्ही एकदम बदला.

नवी शीट चौकटीत घट्ट ठोकू देऊ नका. अ‍ॅक्रिलिक उन्हात फुगतं. दहा फुटी शीट तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर साधारण ६ मिलिमीटर लांब होते. जागा ठेवली नाही तर ती मधून फुगते किंवा स्क्रूपाशी तडकते.

तिसरा प्रकार म्हणजे एसीपी शीटवर उठावाची एलईडी अक्षरं. इथे अक्षरं नव्यानेच बनवावी लागतात, आणि खरी मेख आहे देवनागरीत.

देवनागरीला जागा जास्त लागते

इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका उंचीची, सुटी सुटी. आता "पूर्ती" हा शब्द घ्या. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. १८ इंच उंच पॅनेलला वर-खाली दोन-दोन इंच सोडले तर १४ उरतात. इंग्रजी अक्षर त्या १४ मध्ये पूर्ण बसेल. मराठीत मात्र वरची आणि खालची चिन्हं जागा खातात, आणि अक्षराचं मूळ अंग फॉन्टनुसार सात-आठ इंचांवर येतं. म्हणून शेजारी-शेजारी ठेवलं की मराठी बारीक दिसतं. वरच्या ओळीत पूर्ण रुंदीचं मराठी, खालच्या ओळीत छोटं इंग्रजी, ही मांडणी चांगली. डोळ्यांना बरी आणि नियमातही बसणारी.

शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध डबा होतो. पावसाचं पाणी आत गेलं तर निघायला खाली बारीक भोकं हवीत. अनुस्वाराचा टिंब मात्र सुटा असतो. तो इतका छोटा केला की आत एलईडी बसत नाही, तर रात्री "चंदन"चं "चदन" होतं. त्यामुळे टिंब मोठा करायला सांगा.

फॉन्ट फार जाडाही नको. उजेड कडांवरून पसरतो आणि "ष्ट", "द्ध", "क्ष" यांच्या आतली मोकळी जागा भरून जाते. लांबून नुसता गोळा दिसतो.

फाइल आणि शुद्धलेखन

डिझायनरच्या कॉम्प्युटरवर नीट दिसलेलं नाव कटिंगवाल्याकडे गेलं की वेलांटी भलतीकडे, रफार भलत्याच अक्षरावर. कारण त्याच्याकडे तो फॉन्ट नसतो. म्हणून फाइल कर्व्हमध्ये बदलूनच पाठवा, सोबत फोटो द्या, आणि कापायच्या आधी प्रूफ घरातल्या दोघांना वाचायला द्या. "श्रृंगार" नाही, "शृंगार". व्हॉट्सअ‍ॅपवरची चूक खोडता येते, अ‍ॅक्रिलिकमधली नाही.

आतला दिवा

बोर्ड उघडलाच आहे तर जुन्या ट्यूबा काढून एलईडी मोड्यूल लावून घ्या. दोन मोड्यूलमधलं अंतर डब्याच्या खोलीपेक्षा जास्त नको, नाहीतर ठिपके ठिपके दिसतात. हिशोब सोपा आहे: दीड वॉटचे ६० मोड्यूल म्हणजे ९० वॉट. एसएमपीएस पूर्ण भारावर चालवू नये, म्हणून १२ व्होल्टचा १२० वॉटवाला घ्या, आणि पाणी लागणार नाही अशा जागी बसवा.

आणि हे दोनदा ऐका. मोड्यूल १२ व्होल्टचे असले तरी एसएमपीएसपर्यंत २३० व्होल्ट येतात. बोर्ड उघडायच्या आधी बटण नाही, एमसीबी पाडायचा. पत्र्याच्या चौकटीला अर्थिंग हवंच. पावसाळ्यात ओल्या शिडीवर चढून "जरा बघतो" म्हणणं जिवावर बेतू शकतं. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पैसे देण्याआधी

काम संपल्यावर लगेच बिल चुकतं करू नका. अंधार पडू द्या, दिवा लावा, रस्त्याच्या पलीकडे जा आणि मोबाइलवर फोटो काढा. मराठी नाव तिथून एका नजरेत वाचता आलं, तर पाटी झाली. नाही आलं, तर कारागीर अजून तिथेच आहे, तेवढ्यात सांगा. आपल्या भाषेतलं नाव नियमापुरतं चिकटवलंय की खरंच लावलंय, हे दिवस मावळल्यावरच कळतं.

हा भाग गल्लीतल्या एखाद्या दुकानदार काकांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!