आघाडीवर असण्याची भीती : बेसबॉल हंगामाचा शेवटचा महिना आणि चाहत्याचे मन

२८ सप्टेंबर २०११ च्या रात्री अमेरिकेतील बोस्टन शहराच्या बेसबॉलप्रेमींवर एक चमत्कारिक वेळ आली. त्यांचा संघ, बोस्टन रेड सॉक्स, बाल्टिमोर शहरात हंगामातला शेवटचा सामना खेळत होता. त्याच वेळी दूर दक्षिणेला, फ्लोरिडात, टॅम्पा बे रेज आणि न्यूयॉर्क यांकीज हे दोन संघ एकमेकांशी झुंजत होते. बोस्टनकरांना यांकीज डोळ्यांसमोर नको असतात. बेब रूथसारखा खेळाडू बोस्टनने याच संघाला विकला आणि त्यानंतर १९१८ ते २००४ अशी ८६ वर्षे बोस्टनला विजेतेपदाने हुलकावणी दिली. तेव्हापासूनचे हे वैर. त्या रात्री मात्र बोस्टनच्या चाहत्याला देव पाण्यात घालून बसायचे होते ते यांकीज जिंकावेत म्हणून. टॅम्पा हरला, तरच बोस्टनचा जीव वाचणार होता.

ही वेळ का आली, आणि अशा वेळी चाहत्याच्या मनात काय चालते, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. विषय परक्या मुलुखातल्या खेळाचा असला, तरी त्यातली धाकधूक आपल्याला परकी नाही. आयपीएलच्या साखळीत आपल्या संघाचे भवितव्य दुसऱ्याच दोन संघांच्या निकालावर आणि नेट रनरेटच्या दशांशावर टांगलेले असताना कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस आपण घराघरांत पाहिलेला आहे. बेसबॉलच्या बाबतीत हे टांगणीला लागणे एखाद-दुसऱ्या आठवड्याचे नसते, महिनाभराचे असते. आणि त्याच्यामागे सहा महिन्यांचा रोजचा सहवास असतो.

रोजचा खेळ

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. वसंताच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे सुट्टीचे थोडे दिवस सोडले, तर सामना जवळजवळ रोज. साहजिकच एखादा सामना चुकला तरी चाहत्याला फारशी रुखरुख लागत नाही. स्वयंपाक करताना रेडिओ चालू असतो, गाडी चालवताना समालोचन कानावर पडते, सकाळी पेपरातला धावफलक नजरेखालून जातो. उत्तम संघसुद्धा हंगामात साठ-पासष्ट सामने हरतो, त्यामुळे एका पराभवाने जेवण कडू होत नाही.

सप्टेंबर उजाडला की हे सगळे बदलते. खेळ तोच, नियम तेच, पण उरलेले सामने मोजण्याइतके कमी होतात आणि प्रत्येकाचे वजन अचानक जाणवू लागते. खरे तर एप्रिलमधल्या पराभवाचे वजनही तेवढेच होते. फक्त तेव्हा ते कुणी तोलून पाहिलेले नव्हते. २०११ मध्ये बोस्टनने हंगामातले पहिले सहाही सामने गमावले होते. पुढे उन्हाळ्यात हाच संघ आपल्या गटात अग्रस्थानी पोहोचला आणि ते सहा पराभव सगळे विसरून गेले. सप्टेंबरच्या अखेरीस मात्र ते एकेक करून आठवू लागले.

‘जादूचा आकडा’

शर्यतीतले अंतर मोजण्याची बेसबॉलची रीत वेगळी आहे. तिथे गुण नसतात. दोन संघांच्या विजयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक यांची बेरीज करून तिला दोनाने भागतात, आणि अमुक संघ इतके ‘सामने मागे’ आहे असे म्हणतात. म्हणूनच बेसबॉलच्या तक्त्यात ‘अर्धा सामना मागे’ असेही दिसते. आपला संघ त्या दिवशी खेळला नाही आणि प्रतिस्पर्धी हरला, तर काहीही न करता अर्ध्या सामन्याची कमाई होते. चाहत्याची नजर दुसऱ्यांच्या मैदानाकडे वळते ती या अर्ध्या सामन्यामुळे.

३ सप्टेंबर २०११ रोजी बोस्टनच्या नावावर ८४ विजय आणि ५४ पराभव होते. टॅम्पाच्या नावावर ७५ विजय आणि ६३ पराभव. अंतर ९ सामन्यांचे. तेव्हाच्या नियमानुसार अमेरिकन लीगमधून तीन गटविजेते आणि उरलेल्यांतला एक सर्वोत्तम संघ बाद फेरीत जात असे. या चौथ्या जागेला ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात. बोस्टनला गटविजेतेपद हुकले, तरी ही चौथी जागा अगदी हातात होती.

या हिशेबाची आणखी एक बाजू म्हणजे चाहत्यांचा ‘जादूचा आकडा’. आघाडीवरच्या संघाचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव मिळून किती झाले की जागा पक्की होते, तो हा आकडा. त्या दिवशी तो १६ होता, आणि दोन्ही संघांचे प्रत्येकी २४ सामने बाकी होते. पुढे टॅम्पाने ८ सामने गमावले. म्हणजे बोस्टनला २४ पैकी केवळ ८ जिंकायचे होते. सात जिंकले असते तरी बरोबरी होऊन आणखी एका निर्णायक सामन्याची संधी मिळाली असती. बोस्टनने जिंकले ६.

मिळालेले हरवण्याची भीती

त्या महिन्यात टॅम्पाचा चाहता आणि बोस्टनचा चाहता एकच तक्ता वाचत होते, पण दोघांच्या मनात मात्र अगदी वेगळे काही चालले होते. टॅम्पाच्या माणसाला गमावण्यासारखे काही नव्हते. नऊ सामन्यांचे अंतर सहावर आले तरी आनंद, चारवर आले तर उत्सव. बोस्टनच्या माणसाच्या दृष्टीने बाद फेरी ही आशा राहिलेली नव्हती. ती मालमत्ता झाली होती. तिच्यातून रोज थोडे थोडे खर्च होत होते.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे उपयोगी पडतो. माणूस लाभ-हानी मोजतो ती शून्यापासून नव्हे, तर जे आपले आहे असे त्याने मनाशी धरलेले असते तिथून. आणि जितके मिळाल्याचा आनंद होतो, त्याहून तितकेच गमावल्याचे दुःख मोठे असते. चाहत्याच्या बाबतीत हा मनाचा खुंटा ऑगस्टमध्येच रोवला जातो. म्हणून ज्याची आघाडी मोठी, त्याचा सप्टेंबर अवघड.

फिलाडेल्फियाच्या जुन्या चाहत्यांना हे कुणी शिकवावे लागत नाही. १९६४ मध्ये १२ सामने उरलेले असताना त्यांचा फिलीज संघ साडेसहा सामन्यांनी पुढे होता. २१ सप्टेंबरला सिनसिनाटीच्या चिको रुइझने होम प्लेट चोरली आणि त्या एकमेव धावेने फिलीज हरले. त्यानंतर ते हरतच गेले. सलग दहा सामने. अजिंक्यपद एका सामन्याने हुकले. याच्या उलट १९५१ साली न्यूयॉर्क जायंट्स ऑगस्टमध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या साडेतेरा सामने मागे होते. त्यांनी बरोबरी गाठली आणि ३ ऑक्टोबरला बॉबी थॉमसनच्या होमरनवर निर्णायक सामना जिंकला. एकाच शहराच्या दोन भागांतल्या माणसांनी तो एकच फटका जन्मभर दोन तऱ्हांनी आठवला.

आपण आणि ते

चाहत्याच्या हाती काहीच नसते, पण हे मान्य करणे त्याला जड जाते. मग तो हाती असलेल्या गोष्टी करू लागतो. संघ जिंकला त्या दिवशी घातलेली टोपी रोज घालतो, ठरलेल्या खुर्चीवरून उठत नाही, संघ मागे पडला की टोपी उलटी करून घालतो. जे केवळ योगायोगाच्या हाती आहे त्यावरही आपला ताबा चालतो, असे माणसाला वाटत राहते, हे एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवले. सचिन नव्वदीत असताना घरातल्या कुणालाही जागेवरून हलू न देणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना याचे नवल वाटू नये.

रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यासही प्रसिद्ध आहे. विद्यापीठाचा संघ जिंकल्यावर विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ असे म्हणत, हरल्यावर ‘ते हरले’. एकाच सामन्यापुरते हे जमून जाते. पण रोज एक सामना आणि रोज नवा निकाल असला, की चाहत्याला ना धड ‘आपण’ म्हणता येते, ना ‘ते’ म्हणून हात झटकता येतात. सहा महिने ‘आपण’ म्हटल्यावर शेवटच्या आठवड्यात अंग काढून घेणे शक्य नसते.

त्या रात्रीच्या पेचावर तर एक अभ्यास नेमका बोट ठेवतो. मिना सिकारा, मॅथ्यू बॉट्विनिक आणि सुझन फिस्क यांचा हा शोधनिबंध २०११ मध्येच प्रसिद्ध झाला. रेड सॉक्स आणि यांकीज यांच्या कट्टर चाहत्यांना खेळातले प्रसंग दाखवून त्यांच्या मेंदूतील हालचाल नोंदवली, तेव्हा असे दिसले, की प्रतिस्पर्धी संघ तिसऱ्याच कुठल्या संघाकडून मात खाताना पाहिला, तरी मेंदूतला सुखाशी निगडित भाग उद्दीपित होतो. म्हणजे यांकीजच्या पराभवात सुख मानायला जन्मभर सरावलेले मन त्या रात्री बोस्टनकरांना उलट्या दिशेने वळवायचे होते.

ती रात्र

शेवटच्या दिवशी दोन्ही संघ ९० विजय आणि ७१ पराभवांवर बरोबरीत होते. बाल्टिमोरमध्ये बोस्टन ३-२ ने पुढे होता, फ्लोरिडात यांकीज ७-० ने. पावसामुळे बाल्टिमोरचा खेळ तासाभराहून अधिक थांबला आणि बोस्टनच्या चाहत्याला दुसरे मैदान पाहत बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तिथे यांकीजचे गटविजेतेपद आधीच पक्के झालेले असल्याने त्यांना घाई नव्हती. आठव्या इनिंगमध्ये टॅम्पाने सहा धावा काढल्या. नवव्या इनिंगमध्ये दोन खेळाडू बाद, दोन स्ट्राइक झालेले, आणि डॅन जॉन्सन या बदली फलंदाजाने होमरन मारून ७-७ अशी बरोबरी केली. हंगामातली त्याची फलंदाजीची सरासरी तोवर .१०८ होती; म्हणजे दहा वेळा बॅट हाती घेतली, तर जेमतेम एकदा यश.

बेसबॉलमध्ये सामन्याला वेळेची मर्यादा नसते. फुटबॉलमध्ये आघाडीवरचा संघ वेळ काढू शकतो; इथे शेवटचा फलंदाज बाद केल्याशिवाय सुटका नाही. बाल्टिमोरमध्ये नवव्या इनिंगमध्ये दोन फलंदाज बाद झाले होते, मैदानावर धावपटू कुणी नव्हता, आणि चेंडू बोस्टनचा भरवशाचा पिचर जोनाथन पॅपलबॉन याच्या हाती होता. त्या हंगामात आठ इनिंगनंतर पुढे असताना बोस्टन एकदाही हरला नव्हता. पण ख्रिस डेव्हिस, नोलन रायमोल्ड आणि रॉबर्ट अँडिनो यांनी लागोपाठ फटके मारले. अँडिनोचा चेंडू डावीकडे कार्ल क्रॉफर्डच्या हातमोज्यापर्यंत आला आणि निसटला. क्रॉफर्ड आदल्या हंगामापर्यंत टॅम्पाचा खेळाडू होता. गटात तळाला असलेला बाल्टिमोर ४-३ ने जिंकला.

मध्यरात्र उलटून दोन मिनिटे झाली होती. आता सारी भिस्त यांकीजवर. पुढच्या तीनच मिनिटांत टॅम्पाच्या एव्हान लाँगोरियाने बाराव्या इनिंगमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या बुटक्या भिंतीवरून होमरन मारला. टॅम्पा ८-७. बोस्टनचा हंगाम त्यांच्या संघाच्या अनुपस्थितीत, दुसऱ्याच मैदानावर संपला.

त्यानंतर

दोनच दिवसांनी प्रशिक्षक टेरी फ्रँकोना पायउतार झाले. २०१२ पासून लीगने प्रत्येक बाजूला दुसरे ‘वाइल्ड कार्ड’ आणले. तो नियम एक वर्ष आधी आला असता, तर बोस्टन आणि टॅम्पा दोघेही पुढे गेले असते. २०२२ पासून बाद फेरीत १२ संघ जातात आणि बरोबरी सोडवण्यासाठी जादा सामना खेळवला जात नाही. आपसातल्या सामन्यांचा निकाल पाहतात. यामुळे अधिक शहरांतली आशा अधिक दिवस टिकते. पण ज्यात सारे काही जायचे किंवा राहायचे, अशा रात्री कमी झाल्या.

साहित्याचे प्राध्यापक आणि येल विद्यापीठाचे माजी अध्यक्ष बार्ट जियामाटी पुढे याच खेळाचे आयुक्त झाले. १९७७ साली बोस्टनचा हंगाम बाल्टिमोरकडूनच पराभूत होऊन संपला, त्या दिवसावर त्यांनी एक निबंध लिहिला आणि बेसबॉलवरच्या लेखनात तो मानाचा मानला जातो. त्यात सामन्याबरोबर उन्हाळा संपल्याची हुरहुर आहे. सप्टेंबरमधल्या जीवघेण्या शर्यतीचे मर्मही मला तिथेच दिसते. बाद फेरी हुकली म्हणजे चषक हुकला, हे तर आहेच. पण चषक तसाही तीसांतल्या एकालाच मिळायचा असतो. चाहत्याला त्याहून जवळचे काही तुटल्यासारखे वाटते. सहा महिने रोज संध्याकाळी घरात असलेला आवाज उद्यापासून बंद होणार असतो, आणि जिंकत राहिलो असतो तर तो आणखी थोडे दिवस राहिला असता. पुढे थंडीचे दिवस असतात, लवकर पडणारा अंधार असतो.

बोस्टन २०१२ मध्ये गटात तळाला गेला आणि २०१३ मध्ये विश्वविजेता झाला. मध्ये दोनदा एप्रिल आला होता. एप्रिलच्या तक्त्यात सगळ्यांच्या नावापुढे शून्य असते, कुणाचीच आघाडी नसते, आणि हरवण्यासारखेही अजून काही नसते.