सेनोई स्वप्नांची कैफियत

सकाळच्या न्याहारीला कुटुंब जमले असता वडील मंडळी मुलांना आदल्या रात्रीची स्वप्ने विचारतात. वाघ अंगावर आला असेल तर पळू नये, उलट फिरून त्याला जिंकावे, उंचावरून पडत असलो तर त्या पडण्याचाच आनंद घ्यावा आणि पराभूत शत्रूकडून काहीतरी भेट मागून आणावी, असा उपदेश करतात. आणि या उपदेशाच्या प्रभावाने त्या समाजात दोन-तीनशे वर्षे ना हिंसक गुन्हा घडला, ना कोणाला मनोविकार जडला! मलायाच्या अरण्यातील सेनोई लोकांचे हे मनोहर चित्र किल्टन स्टुअर्ट या अमेरिकन गृहस्थाने १९५१ साली एका लेखात रंगवले. १९६९ मध्ये चार्ल्स टार्ट यांच्या संग्रहात तो लेख पुनर्मुद्रित झाला, आणि कॅलिफोर्नियातील मानसोपचारवर्तुळांतून 'सेनोई पद्धती'चे स्वप्नवर्ग सुरू झाले. युद्धाने व यंत्राने थकलेल्या समाजाला अशा लोकांची किती निकड होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या लेखाच्या लोकप्रियतेचे नवल वाटत नाही.

मात्र हे चित्र वस्तुस्थितीला धरून नाही. 'सेनोई' या नावाखाली मुख्यतः सेमाई आणि तेमियार या दोन जमाती येतात, आणि त्या शब्दाचा अर्थ केवळ 'माणसे' असा आहे. स्टुअर्टचा तेमियार मुलखातील मुक्काम अल्प होता आणि त्याची मुख्य भिस्त पॅट नून या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञावर होती. सेमाई लोकांत दीर्घकाळ राहिलेल्या रॉबर्ट डेंटन यांना न्याहारीची ती स्वप्नशाळा आढळली नाही. आणि विल्यम डॉमहॉफ यांनी १९८५ सालच्या आपल्या ग्रंथात सर्व दप्तर तपासून दाखवून दिले की, स्वप्नांवर हुकमत गाजवण्याचे शिक्षण हे सेनोईंचे नव्हे, तर बव्हंशी स्टुअर्टच्याच मनाचे अपत्य होते. हे लोक स्वभावाने शांत व हिंसेला भिणारे आहेत, ही गोष्ट खरी; परंतु त्या शांततेचे श्रेय स्वप्नांच्या कवायतीला देण्यास दाखला नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो या चुकीच्या पोटात दडलेला दुसरा गैरसमज. स्वप्न म्हणजे जिंकण्याचा प्रदेश, त्यातून लूट घेऊन परतावयाचे, ही कल्पना ज्या मनातून निघाली ते मन आधीपासूनच जगाकडे त्या दृष्टीने पाहत होते; त्याने अरण्यात जाऊन आपलीच प्रतिमा पाहिली. तेमियारांचे स्वप्न याच्या अगदी उलट दिशेने चालते. मरीना रोझमन या संगीतमानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९८१-८२ मध्ये मलेशियाच्या केलांतान राज्यातील तेमियार वस्त्यांत राहून जे टिपले, त्यावरून असे दिसते की, झोपेत माणसाचा शिरातील आत्मा बाहेर पडतो, आणि त्याला एखाद्या वृक्षाचा, डोंगराचा, नदीच्या वळणाचा किंवा वाघाचा आत्मा मानवी रूपात भेटतो. तो आत्मा पराभूत होत नाही. तो आपण होऊन येतो, 'मला तुझे मूल होऊ दे' अशी इच्छा दर्शवतो आणि एक गाणे देतो. हे नाते वात्सल्याचे आहे, आणि वात्सल्यात जबाबदारी अध्याहृत असते. ज्याला असे गाणे लाभते तो 'हला', म्हणजे माध्यम, होऊ शकतो. ते गाणे म्हणजे त्या आत्म्याने दाखवलेली वाट.

मग या गाण्याने हला उपचार कसा करतो? पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येथे अंधाऱ्या खोलीत औषधी पिऊन बेभान झालेला एकटा मांत्रिक उभा राहतो. तेमियारांत मादक वनस्पतीची गरज नाही आणि एकटेपणाला तर थाराच नाही. रात्री घरात वस्ती जमते. पानांचे झुबके वर टांगलेले असतात. माध्यम एक ओळ गातो, आणि ती संपते न संपते तोच स्त्रियांचा समुदाय ती उचलतो. त्याच स्त्रिया लांब व आखूड बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटून उंच-खोल नाद आळीपाळीने काढत राहतात. हा नाद हृदयाच्या ठोक्याशी आणि अरण्यातील रातकिड्यांच्या व काही पक्ष्यांच्या स्पंदनाशी जोडलेला असतो, आणि त्यानेच मनात ओढ उत्पन्न होते, असे ते मानतात. बाहेर भटकलेला आत्मा त्या ओढीने परत येतो, आणि माध्यमाच्या हातून रुग्णावर 'काह्येक' नावाचा शीतल रस उतरतो. आपल्या शरीरशास्त्राच्या कसोटीवर हा रस टिकणार नाही, हे उघड आहे. पण आजारी माणसाभोवती अख्खी वस्ती जागी राहते, ही बाब कोणत्याही कसोटीला उतरते. पाश्चात्त्य आधुनिक मनुष्याने येथून काही घ्यावयाचे असेल तर ते हेच, कारण त्याच्या रुग्णालयात औषधाची उणीव नसते, रात्रीच्या सोबतीची असते.

यावरून तेमियार इस्पितळ नाकारतात असा निष्कर्ष काढणेही चूकच. मलेशियातील मूलनिवासी 'ओरांग असली' म्हणून ओळखले जातात. त्यांच्यासाठी गोम्बाक येथे स्वतंत्र रुग्णालय आहे, आणि झाडपाला, गाणे व डॉक्टर या तिन्ही वाटा एकाच घरातून जाऊ शकतात.

जाता जाता शब्दाविषयी. 'शामन' हा शब्द सैबेरियातील एवेंकी भाषेतून युरोपीय भाषांत आला. त्याचे मूळ आपल्या 'श्रमण' शब्दात असावे असे काही पंडितांनी सुचवले, परंतु ते मत वादग्रस्त राहिले आहे. सैबेरियातील एका पुरोहितवर्गाचे नाव जगभरच्या सर्व उपचारकांना लावल्याने त्यांच्यातील भेद पुसले जातात, म्हणून येथे मी 'हला' व 'माध्यम' हेच शब्द राखले.

आणि सर्वांत मोठा गैरसमज असा की, ही स्वप्ने कालातीत, जगापासून अलिप्त आहेत. १९४८ ते १९६० या मलायातील आणीबाणीच्या काळात ब्रिटिश सरकार व कम्युनिस्ट बंडखोर यांच्या कात्रीत सापडलेले हे लोक आहेत, आणि त्यांच्या गाण्यांत बाहेरून आलेल्या वस्तूंचे व परक्या माणसांचे आत्मेही उतरले आहेत. प्रत्येक गाण्याला ते कुठे लाभले त्या स्थळाची खूण असते. रोझमन यांनी याच आधारावर गाण्यांकडे जमिनीवरील हक्काचा पुरावा म्हणून पाहिले आहे. ज्यांच्याकडे सातबारा नाही त्यांचा सातबारा तो. केलांतानमध्ये गुआ मुसांगच्या परिसरात वृक्षतोड वाढली तेव्हा तेमियारांनी रस्ते अडवले, आणि जानेवारी २०१९ मध्ये मलेशियाच्या संघीय सरकारने त्यांच्या जमिनीच्या हक्कासाठी केलांतान राज्यसरकारविरुद्ध दावा दाखल केला.