समेट घडवणारे पुष्कळ, ऐकून घेणारे थोडे
चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात दांपत्य आणि कुटुंब समुपदेशनाचा आढावा

दिवाळी सरली की देसाईगंज-वडश्याच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या बाहेर पडतात. दिवसा मंडईची जत्रा किंवा बैलांचा शंकरपट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, हा क्रम होळीपर्यंत चालतो. 2023 मध्ये या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला तिची नव्याने ओळख झाली. या नाटकांचा विषय बहुधा घर असतो. दारूत बुडालेला नवरा, भावाभावांतली वाटणी, जाचाला कंटाळून माहेरी परतलेली लेक. प्रेक्षक रात्रभर डोळे पुसतात आणि पहाटेच्या सुमारास चुकलेल्याचे डोळे उघडून घर पुन्हा एक होते. घरातल्या दुःखाबद्दल इकडची माणसे बोलत नाहीत, असे म्हणणाऱ्याने एक रात्र त्या मांडवात बसावे. मांडवात बोलले जाते ते दुसऱ्याच्या घराबद्दल, एवढेच. स्वतःच्या घराबद्दल बोलायला या दोन जिल्ह्यांत कुठे जागा आहे आणि तिथे बसलेल्या माणसाने काय शिकून यावे, याचा हा आढावा.

आधीपासूनचे मध्यस्थ

नवरा-बायकोचे बिनसले की पहिल्यांदा धावून येतात ते मामा, काका आणि सोयरे. मग जातीचे पंच, पोलीस पाटील, सरपंच. 15 ऑगस्ट 2007 पासून त्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची भर पडली. या मोहिमेतल्या समित्यांनी विदर्भात एक वेगळेच काम अंगावर घेतले. घरच्यांचा विरोध असलेल्या प्रेमी युगुलांची लग्ने समितीच लावून देते आणि वर्तमानपत्रात हारांसहित फोटो छापून येतो. पोलिसांचा महिला कक्ष आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्राच्या योजनेतले सखी केंद्र आहे, विधी सेवा प्राधिकरण आहे. तेव्हा समेट घडवणाऱ्यांची वाण नाही.

अडचण त्यांच्या पद्धतीत आहे. पंच दोन्ही बाजू ऐकतो, कोणाचे किती चुकले ते ठरवतो, दंड किंवा समज देतो आणि बैठक उठते. तुटू नये, हे त्याचे उद्दिष्ट असते. समुपदेशकाला निवाडा द्यायचा नसतो. घरात काय चालले आहे ते त्या घरातल्या माणसांना स्वतःला दिसावे आणि पुढचा निर्णय त्यांचा त्यांना घेता यावा, इथवर त्याने साथ द्यायची असते. त्या निर्णयात वेगळे होणेही आले. पंचांच्या बैठकीत सून बहुधा खाली मान घालून बसते आणि तिच्या वतीने तिचा भाऊ बोलतो. अशा बैठकीतून निघालेला समेट पुढच्या पगारापर्यंत किंवा पुढच्या बाटलीपर्यंत टिकतो.

एका माणसाचा आजार की घराची रचना?

कुटुंब समुपदेशनाचे शास्त्र दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आकाराला आले. तोवर मनोविकार एका माणसाच्या आत शोधला जाई. ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये संवादातल्या कोंडीची कल्पना मांडली. शब्द एक सांगतात, चेहरा दुसरेच सांगतो, आणि ऐकणाऱ्याला दोन्हीतून सुटका नसते. स्किझोफ्रेनियाचे मूळ अशा संवादात आहे हा त्यातला दावा पुढे टिकला नाही. त्याने अनेक आयांना विनाकारण अपराधी मात्र ठरवले. टिकली ती मूळ दृष्टी: घरात एकाचे वागणे दुसऱ्याच्या वागण्याला जोडलेले असते.

मरे बोवेन यांनी त्यात पिढ्या आणल्या. दोघांमधला ताण असह्य झाला की ती दोघे तिसऱ्याला ओढून घेतात, हा त्यांचा त्रिकोणाचा सिद्धांत. समजा, मूल तालुक्यातले किंवा सिंदेवाहीकडचे एक घर आहे. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोघेही दहा वर्षांच्या मुलीमार्फत निरोप धाडतात आणि त्या मुलीचे रोज पोट दुखते. दवाखान्यात मुलीची तपासणी होते, ताण मात्र दोन खाटांच्या मधे असतो. बोवेन यांच्या परंपरेत घराचा तीन पिढ्यांचा नकाशा काढतात. गोंड समाजाला हे नवे नाही. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे या विभागणीवरून कोण भाऊ आणि कोण सोयरा हे ठरते, आणि वडीलधारी माणसे ती नाती तोंडपाठ सांगतात. समुपदेशकाने कागद पुढे करण्याआधी ‘तुमचे देव किती?’ एवढे विचारले तरी निम्मा नकाशा बोलका होतो. पुढे विचारायचे ते असे: यात कोण दारूने गेले, कोण रुसून कायमचे माहेरी राहिले, कोणाचे नाव घरात काढत नाहीत?

साल्वादोर मिनुचिन यांचे काम आपल्याला अधिक जवळचे वाटावे, कारण ते न्यूयॉर्कजवळच्या विल्टविक शाळेतल्या गरीब मुलांच्या कुटुंबांपासून सुरू झाले. ‘फॅमिलीज ऑफ द स्लम्स’ हे त्यांचे सहलेखकांबरोबरचे पुस्तक 1967 चे. घरात कोणाचा शब्द चालतो, आई-बाप आणि मुले यांच्यातली सीमा कुठे आहे, हे ते पाहत. भांडण सांगू नका, इथेच करून दाखवा, असे सांगून मग ते बसायच्या जागा बदलत. आईला चिकटून बसलेला मुलगा उठवून त्या जागी बायकोला बसवले की घराची घडी डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे हे जपून करावे लागते. सासूला पंगतीतून उठवल्यासारखे वाटले तर दुसऱ्या दिवशी कोणीच येणार नाही. एकत्र घरात सासूचा अधिकार मान्य करूनच सुनेला जागा मिळवून द्यावी लागते.

व्हर्जिनिया सॅटिर यांनी संवादाचे ढंग दाखवले: सतत मनधरणी करणारा, सतत दोष देणारा, कोरडी तत्त्वे सांगणारा, विषय भलतीकडे नेणारा. त्यांचे एक तंत्र शब्दांवाचून चालते. घरातल्या एकाने बाकीच्यांना उभे करून, बसवून, तोंडे वळवून घराचे जिवंत चित्र रचायचे. गडचिरोलीत याचे मोल मोठे आहे. भामरागडला माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी चालते आणि सरकारी समुपदेशक बहुधा मराठीच बोलतो.

प्रश्न विचारण्याची कला

इटलीत मिलान येथे मारा सेल्विनी पालाझोली यांच्या गटाने वर्तुळाकार प्रश्नांची रीत बसवली. बायकोला ‘तो असा का वागतो?’ असे विचारले की ठरलेले उत्तर येते, “थो पेऊन येते न मंग भांडण होते.” तोच प्रश्न धाकट्या दिराला फिरवून विचारावा: ‘दादा पिऊन आला की घरात आधी कोण उठते? आई की वहिनी? आणि न पिता आला त्या दिवशी कोण कोणाशी बोलते?’ आता उत्तरात दारूच्या अवतीभवतीचे सगळे घर येते.

मिलवॉकीतले स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी उलट बाजूने सुरुवात केली: भांडण कधी झाले ते सोडा, कधी झाले नाही ते सांगा. दहापैकी किती गुण, असे विचारून ते बदल मोजत. दहाचा हिशेब न करणाऱ्या आजीला ‘रुपयात किती आणे बरे आहे?’ असे विचारले तर ती चटकन ‘सहा आणे’ म्हणेल. मग विचारायचे: सातवा आणा यायला काय घडावे लागेल?

मायकल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची कथनाधारित पद्धत 1990 च्या त्यांच्या पुस्तकाने जगभर गेली. माणूस आणि त्याची अडचण यांत ती अंतर पाडते. ‘तू दारुडा आहेस’ याऐवजी ‘दारू या घरात कधी शिरली, तिला कोण साथ देते, कोणत्या दिवशी तुम्ही तिला दारातून परतवले?’ असे विचारल्यावर माणूस लाजेने गप्प न होता हिशेब मांडू लागतो.

जॉन गॉटमन यांनी प्रयोगशाळेत जोडप्यांचे बोलणे टिपून टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि भिंतीसारखी चुप्पी ही संसार मोडण्याची चार लक्षणे सांगितली. ती इकडे जशीच्या तशी लावू नयेत. सुनेचा अबोला हे कित्येक घरांत तिच्या हातातले एकमेव बिनधोक हत्यार असते.

दारू: घराबाहेरून येणारा सोयरा

या दोन जिल्ह्यांनी समुपदेशनाच्या पुस्तकांत नसलेला एक धडा स्वतः लिहिला आहे. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून एकेका बायकोला समजावण्याऐवजी बायांनी गावाचीच दारू बंद करायला घेतली. गडचिरोलीत लोकचळवळीनंतर 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने बायांनी 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला. 1 एप्रिल 2015 पासून बंदी आली आणि 2021 मध्ये सरकारने ती उठवली. अवैध विक्री वाढल्याचे कारण त्या वेळी पुढे केले गेले. बंदीच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले आहे. समुपदेशकाने एवढे ध्यानात घ्यावे की बायांना हा प्रश्न आपल्या एकटीच्या नवऱ्याचा वाटला नाही.

बंदी व्यसनाचा उपचार करत नाही. गडचिरोलीत ते काम 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम करतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसह शासन त्यात आहे. गावसंघटना, तालुक्याच्या ठिकाणची व्यसन उपचार क्लिनिके आणि गावातली शिबिरे असे त्याचे रूप आहे. दारूबरोबर तंबाखू-सुपारीचा खर्राही त्यात आला. 1986 मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसासोबत त्याच्या पत्नीचीही वेगळी बैठक घ्यायची रीत रुजवली. ती प्रत्येक तालुक्यात हवी. पिणे सुटल्यावर घरात नवा पेच उभा राहतो. दहा वर्षे घर एकटीने चालवलेल्या बाईकडून कारभार परत मागितला जातो, आणि उलटून पिण्याची वेळ पुष्कळदा तीच असते.

हिंसा असेल तिथे वर्तुळ थांबते

‘प्रत्येकाचे वागणे दुसऱ्याला जोडलेले’ या विचाराला 1978 पासून रेचल हेअर-मस्टिन आणि पुढे व्हर्जिनिया गोल्डनर यांनी अडवले. मार खाणारी आणि मारणारा एकाच वर्तुळाचे दोन बिंदू मानले की माराची जबाबदारी निम्मी तिच्यावर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29.3 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणून आज जाणते समुपदेशक आधी तिला एकटीला भेटतात. जिवाला धोका असेल तर दोघांना एकत्र बसवत नाहीत.

आपला कायदाही हेच सांगतो. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 26 ऑक्टोबर 2006 ला लागू झाला. त्याच्या नियमांनुसार समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्याची मुभा प्रतिवादीला नाही. हा नियम प्रत्येक तंटामुक्त समितीच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लावण्याजोगा आहे.

बाईचे ऐकणे म्हणजे तिच्या शरीराचेही ऐकणे. बंग दांपत्याचा गडचिरोलीतल्या दोन गावांतला अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आधी उपचार मिळालेल्या फार थोड्या. नवऱ्याजवळ जायला नकार देणाऱ्या बाईला ‘जुळवून घे’ म्हणण्याआधी तिला दवाखान्यात नेले पाहिजे.

रूढी, कायदा आणि ग्रामसभा

हिंदू विवाह कायद्याचे कलम 2(2) अनुसूचित जमातींना त्या कायद्याबाहेर ठेवते. गोंड-माडिया जोडप्यांचे लग्न आणि काडीमोड रूढीने चालतात. लग्नजेवणाचा खर्च न झेपल्याने सोबत राहणारी, मुलेबाळे असलेली जोडपी आहेत आणि त्यांच्यासाठी सामूहिक विवाह लावले जातात. या स्त्रियांना 2005 च्या कायद्याचे संरक्षण आहे, कारण विवाहासारखे नातेही त्यात येते. त्यांना हे सांगणारा क्वचित भेटतो. शिवाय जिल्ह्याचे ठिकाण लांब: सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी तारखेला हजर राहणे हीच एक शिक्षा असते.

मग उरते ग्रामसभा. 1996 चा पेसा कायदा तिला परंपरागत तंटा निवारणाची रीत जपण्याचा अधिकार देतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घालून दिली. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि सभेत स्त्री-पुरुष दोघेही बसतात. जंगलाच्या निर्णयासाठी ही रीत उत्तम आहे. घरातल्या भांडणासाठी तिच्यातला धीर घ्यावा, चारचौघांतली सुनावणी घेऊ नये. न्यूझीलंडने 1989 मध्ये माओरी परंपरेवरून कुटुंब-बैठकीची पद्धत कायद्यात आणली. तिथे माहिती सांगून अधिकारी बाहेर जातात, कुटुंब एकांतात ठरवते, आणि मुलाच्या सुरक्षिततेची अट सोडता येत नाही. आपल्या ग्रामसभांना आणि समित्यांना घेण्यासारखे ते आहे.

काय करावे

तंत्रे कितीही असोत, क्रम चुकता कामा नये: आधी सुरक्षितता, मग आजार आणि दारू, त्यानंतर बोलणी. हा क्रम पाळणारी, गोंडी-माडिया-तेलुगू बोलणारी, गावातलीच दोन माणसे, त्यांत एक बाई, प्रत्येक ग्रामसभेने शिकवून तयार करावीत. सर्चच्या आरोग्यदूतांनी नवजात बाळांची काळजी घरी घेता येते हे गडचिरोलीतच सिद्ध केले आहे, तेव्हा शिकलेला गावकरी नाजूक काम करू शकतो का, ही शंका इथे तरी कोणी काढू नये.

आणि वाचकहो, तोवर हे क्रमांक घरात सर्वांना दिसतील असे लिहून ठेवा: महिलांसाठी 181, तातडीच्या मदतीला 112, मोफत कायदेशीर सल्ल्याला 15100, मनाच्या त्रासाला टेलि-मानसचा 14416. शेजारच्या घरातून ओरडणे ऐकू आले तर ‘त्यांचे घरचे आहे’ म्हणून दार लावून घेऊ नका.