जुन्नरहून आलेली चिठ्ठी

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन सख्खे भाऊ राहतात. वडिलार्जित जागेच्या वाटणीवरून दोघांत अबोला आहे. गेल्या दिवाळीत मी जिना उतरत होते, तो वळणावर थोरल्यांची दहा वर्षांची मुलगी धाकट्यांच्या मुलाच्या हातात कागदात गुंडाळलेल्या दोन करंज्या कोंबताना दिसली. मला पाहताच दोघांचे चेहरे उतरले. "काकू, आईला सांगू नका हं!"

मी सांगितले नाही. पण त्या संध्याकाळी गच्चीवर पणत्या लावताना समोर पर्वती दिसली आणि मला सवाई माधवराव आठवले. याच टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी हरणे नि रानटी जनावरे पाळली होती.

राघोबादादांचे नि पुतण्यांचे वैर आपल्याला ठाऊक आहे. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, रामशास्त्र्यांनी दादांना दोषी ठरवले, गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेले. तिथे एप्रिल 1774 मध्ये सवाई माधवराव जन्मले. बापाचे तोंड पाहणे नशिबी नव्हते. आईही तीन वर्षांत गेली. इकडे 1775 च्या जानेवारीत धारला दादांना मुलगा झाला, तो दुसरा बाजीराव. नात्याने हा चुलता नि तो पुतण्या, पण चुलताच नऊ महिन्यांनी धाकटा!

दादा 1783 साली वारले. भांडणारा गेला, भांडण मात्र राहिले. आनंदीबाईंची मुले नजरकैदेतच वाढली आणि पुढे 1794 साली नाना फडणविसांनी त्यांना जुन्नरला शिवनेरीवर ठेवले. नानांना सर्वस्वी दोष द्यावा असे मला वाटत नाही. दादा इंग्रजांना घेऊन घरावर चालून आले होते, हे ते कसे विसरणार? पण बाजीरावाच्या गुणांची वाखाणणी ऐकून माधवरावांना त्याची ओढ लागली होती. पहारेकरी बळवंतराव नागनाथ याच्यामार्फत बाजीरावाने निरोप धाडला, माधवरावांनी उत्तर दिले आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. आपण दोघेही कैदीच, तुम्ही तिथे नि मी इथे, अशा अर्थाचे बाजीरावाने लिहिल्याचे ग्रँट डफने नोंदवले आहे. वीस वर्षांच्या पोरांनी आणखी काय लिहायचे?

नानांना सुगावा लागला. बळवंतरावाच्या पायांत बेड्या पडल्या, बाजीरावावरचा पहारा कडक झाला, आणि पेशव्यांना, होय, प्रत्यक्ष पेशव्यांना, कडक बोल ऐकावे लागले. त्यानंतर माधवराव खोलीबाहेर पडेनासे झाले. ऑक्टोबर 1795 मध्ये, दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत, ते वाड्याच्या गच्चीवरून खाली कारंज्यावर कोसळले. तोल गेला की उडी घेतली, यावर अजून वाद चालतो. दोन दिवसांनी प्राण गेला. वय एकवीस. मरताना त्यांनी गादीसाठी नाव घेतले ते बाजीरावाचे, असे डफ सांगतो.

बाजीराव 1796 साली पेशवा झाला तो कोणावरच विश्वास न ठेवणारा. लहानपणापासून पहारेकरीच पाहिलेल्या मुलाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची? 1818 साली राज्यच गेले.

तर आमच्या जिन्याची गोष्ट राहिलीच. पुढे करंज्यांचे प्रकरण फुटले. मुलाला मार बसला आणि मुलीच्या शाळेची वेळ बदलून घेण्यात आली, जिन्यात गाठ पडू नये म्हणून! यंदा नवरात्रात हळदीकुंकवाच्या निमित्ताने मी दोन्ही घरी जाऊन आले. दिवाळीच्या पहिल्या दिवशी मुलांना फराळाला आमच्याकडे पाठवा, एवढेच म्हणाले. धाकट्या जाऊबाईंनी "बघू" म्हटले. थोरल्या काहीच बोलल्या नाहीत. पण दाराआडून मुलगी माझ्याकडे पाहत होती.