जिन्नसांचा सातबारा

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्तींच्या कपाटापुढे मी उभा होतो, आणि माझ्या शेजारी धोतर नेसलेले एक वृद्ध गृहस्थ आपल्या सात-आठ वर्षांच्या नातवाला हळू आवाजात सांगत होते, "हिच्या कानामागं बघ. शिवण दिसती का?" पोराने काचेला नाक लावले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्त्रीच्या कानामागे शिवण असावी ही गोष्ट मला इतकी अपूर्व वाटली, की वयाचा आणि हातातल्या वहीचा विसर पडून मीही त्या पोराच्या बाजूला वाकलो. आणि खरोखरच, केशरचनेच्या कडेपासून खांद्यापर्यंत उतरत गेलेली, केसाएवढी बारीक अशी एक रेघ दिसली. "आता घरी चला," गृहस्थ म्हणाले. म्हणाले ते नातवाला, पण पाहिले माझ्याकडेही. "हितं नुसतं बघायचं. हात लावायचं सगळं आपल्या घरी."

त्या आमंत्रणाचा स्वीकार न करणे मला शक्यच नव्हते.

गल्लीत सगळे त्यांना तात्या म्हणतात. आयुष्यभर तलाठ्याची नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत. त्यांचे घर जुन्या पद्धतीचे, दगडी भिंतींचे आणि माळवदाचे असून ढेलजेतून आत पाऊल टाकताच भिंतीतल्या प्रत्येक कोनाड्यातून कोणी ना कोणी आपल्याकडे पाहत आहे असा भास होतो. एका खणात पाय घासायची पितळी वज्री, तिच्या पाठीवर पोपट. त्याच्या शेजारी चारमिनारची मुद्रा असलेली निजामी नाणी. वर तुळजापूरहून आणलेली कवड्यांची माळ. समोरच्या भिंतीवर रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी, जिच्या लुगड्यावर कुण्या सुगरणीने खरी जर आणि टिकल्या शिवल्या आहेत. आणि त्या लक्ष्मीच्या उजव्या हाताला, तितक्याच मानाच्या चौकटीत, नातवाने खडूने काढलेला पाच पायांचा बैल. पाचवा पाय कशाला, असे मी विचारले. "पळतोय त्यो," नातू म्हणाला. तात्यांनी ती माहिती त्याच वेळी वहीत लिहून घेतली.

ही वही म्हणजे या घराचा खरा आत्मा. ज्या माणसाने उभ्या हयातीत गावाच्या जमिनींचे दफ्तर सांभाळले, त्याने निवृत्तीनंतर घरातल्या जिन्नसांची मोजदाद करायला घेतली तेव्हा त्याला दुसरा नमुना सुचणार तरी कुठून? प्रत्येक वस्तूचा त्यांनी सातबारा काढला आहे. पान उघडले की डावीकडे भोगवटादाराचे नाव, खाली इतर हक्क, उजवीकडे पीकपाहणी आणि शेवटी शेरा. अक्षर सुवाच्य, ओळी पट्टीने आखलेल्या. मोराच्या आकाराच्या लोखंडी अडकित्त्याच्या पानावर मी वाचले: भोगवटादार, आजी; वारसाने, आई. पीक, सुपारी. शेरा, दात गेल्यापासून पडीक. एका समईच्या पानावर आडवी तांबडी रेघ होती आणि खाली लिहिले होते, "मुलीच्या लग्नात फेरफार मंजूर." इतर हक्कांच्या रकान्यात मात्र सर्वत्र एकच मजकूर आढळला: पाहुण्यांस एकदा हाताळण्याचा, लहान मुलांस दोनदा.

मी मोठ्याने हसलो. तात्या हसले नाहीत, पण त्यांचे डोळे हसत होते; आणि पान उलटताना त्यांचा हात इतका जपून चालत होता, की या विनोदाच्या मुळाशी केवढी माया आहे हे निराळे सांगण्याची गरज राहिली नाही. आजीचा अडकित्ता नुसता दाखवला असता तर मी तो पाहून पुढे सरकलो असतो. दात पडलेली, सुपारीसाठी जीव टाकणारी ती म्हातारी मला दिसली ती त्या एका 'पडीक' शब्दामुळे.

कोणतीही वस्तू हातात देताना तात्या एक आकडा सांगतात. "पैठणहून दहा दिवस." मी प्रथम गोंधळलो. मग त्यांनी उलगडा केला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वाटाड्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याचे नमूद आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. ते तगर म्हणजेच आपले तेर, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली प्रतिपादन केले. तात्यांना हा दहा दिवसांचा हिशेब इतका प्रिय, की घरातल्या प्रत्येक जिनसेचे अंतर ते गाडीवाटेच्या दिवसांनीच मोजतात. लातूरच्या बाजारातून घेतलेले पानदान दोन दिवसांवरचे, तुळजापूरची माळ दीड दिवसाची, आणि मुंबईत छापलेली लक्ष्मी? "ती आगगाडीनं आली, तिचा हिशेब धरत न्हाई." बोलता बोलता पुन्हा, "पर पैठणहून दहा दिवस, बगा." जणू त्या दहा दिवसांच्या वाटेवर कुठेतरी एक गाडी अजून चालते आहे आणि संध्याकाळपर्यंत ती दारात येऊन उभी राहणार आहे.

घरात शिरल्यापासून एक वास माझी पाठ सोडत नव्हता. आंबट, ओलसर, किंचित धातूचा. मागच्या पडवीत काकू चिंचेच्या कोळाने पितळ घासत बसल्या होत्या. बोटे तपकिरी झालेली, शेजारी राखेचे भांडे, आणि काळवंडलेल्या तांब्यावर हात फिरेल तिथे पहाटेसारखा उजेड फुटत होता. मात्र या बाबतीत त्या घरात दोन पक्ष आहेत. वापरातले भांडे लखलखीत हवे आणि देव काळा राहता कामा नये, हा काकूंचा शिरस्ता. तर नाण्यांवरचा हिरवा थर हेच त्या नाण्यांचे वय, तो घासला की वय गेले, हा तात्यांचा आग्रह. पूर्वी एकदा काकूंनी नाण्यांची आख्खी पुरचुंडी चिंचेत बुडवली होती. त्या पानाचा शेरा मी पाहिला: "अतिवृष्टीने नुकसान. पंचनामा केला." काकूंनीही तो वाचलेला आहे. "चकचकीत तर झाली की," एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढचा तांब्या उचलला. मला दोघांचेही म्हणणे पटत होते, आणि आजही, कुठे चिंचेचा वास आला की ते घर जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते.

या घराचा एक कडक नियम आहे, आणि त्याविषयी बोलताना तात्यांच्या आवाजातली थट्टा पार मावळते. पांढरीतले काहीही घरात ठेवायचे नाही. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हा भेद आपल्या महसुली भाषेत मुरलेला आहे. तेरच्या भोवतीची टेकाडे ही अशी शेकडो वर्षांच्या वस्तीची पांढरी. पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून जाते आणि मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीचे शिक्के असे काहीबाही उघडे पडते. माळवदावर घालायला लोक हीच पांढरी माती नेत, आणि त्या मातीबरोबर सातवाहनांचे सारे नगर टोपल्याटोपल्यांनी घरांच्या छपरांवर चढे. जे छपरावर जायचे ते ज्यांनी वेचले, पुसले, ओळखले आणि आपल्या घरात जपले, ते रामलिंगप्पा लामतुरे. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली 'तेर' हे पुस्तक लिहिले, उत्खनने झाली, पण तेरच्या एका गृहस्थाचा घरगुती संग्रह त्याआधीच आकाराला आलेला होता आणि पुढे तोच शासकीय संग्रहालयाचा पाया ठरला. त्यात वीतभरही उंच नसलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिची जवळची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडली. जगाच्या इतिहासातला हा दुवा टिकावा म्हणून एका खेडेगावात कुणीतरी चिखलात वाकले होते, हे मला त्या मूर्तीइतकेच मोलाचे वाटते.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपला अफाट संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केला आणि लोकांना देऊन टाकला. लामतुऱ्यांचा संग्रहही असाच घरातून बाहेर पडला. हे दान थोरच. तरीही माझे मत मी लपवीत नाही: घरातली वस्तू काचेआड गेली, की तिच्याबरोबर ती पुढे करणारा हात आणि 'ओळखा पाहू' म्हणणारा आवाज जात नाही, आणि निम्मी वस्तू त्या हातात व त्या आवाजात असते.

ते मला कळले संध्याकाळी. तात्यांनी फडक्यातून सागवानी लाकडाची एक जोडफळी काढली. "ओळखा." मला ओळखता येईना. त्यांनी फळ्या विलग केल्या. आत दोन्ही अंगांना एकेक अर्धा पोपट उलटा कोरलेला. होळी-पाडव्याला साखरेच्या गाठी आणि चित्रे पाडायचा तो साचा. त्यांनी काकूंकडून कणकेचा गोळा मागवला, दोन्ही खाचांत तुपाचे बोट फिरवले, एका अर्ध्यात कणीक अंगठ्याने दाबली, पोटाशी पोकळी ठेवली, दुसऱ्या अर्ध्यात तसेच केले, कडांना पाणी लावले आणि फळ्या एकमेकींवर ठेवून त्यावर दोन्ही तळहातांनी अंग टाकले. नातू श्वास रोखून बसला होता. फळ्या सुटल्या. बाहेर आलेल्या पोपटाच्या चोचीपासून डोक्यावरून शेपटीपर्यंत एक बारीक, किंचित उचललेली रेघ होती. "ही घ्या तुमची शिवण," तात्या म्हणाले. तेरच्या त्या पांढऱ्या केओलिन मातीच्या पोकळ मूर्ती याच रीतीने, पुढचा साचा आणि मागचा साचा जोडून, घडवलेल्या आहेत. हे मी पुस्तकात वाचले होते. पण कणकेचा तो ओला कंगोरा बोटाखाली आला तेव्हा प्रथमच मला जाणवले, की सकाळी काचेतून दिसलेली रेघ ही कुणाच्या तरी अंगठ्याने सपाट करायची राहून गेलेली जागा आहे.

निघताना एक विधी उरला होता. तेर हे गोरोबाकाकांचे गाव. मडके कच्चे की पक्के हे थापटण्याने पाहावे तशी त्यांनी संतांच्या मस्तकांची परीक्षा केली, ही कथा इथे पोरासोरांना ठाऊक. तात्यांच्या दाराजवळ खुंटीला कुंभाराचे एक जुने थापटणे टांगलेले आहे आणि प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर ते हलकेच टेकवून निकाल सांगितला जातो. परीक्षक नातू. त्याने मला खाली वाकायला लावले, गंभीरपणे दोनदा ठोकले, कान लावला. "कच्चं हाय," तो म्हणाला. "परत यावं लागंल."

मी चपला घालीत होतो तेव्हा तात्या कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली वही उघडून बसले होते. कणकेचा पोपट कोनाड्यात, वज्रीच्या शेजारी विराजमान झाला होता. त्याला अनुक्रमांक मिळाला होता आणि अंतर 'शून्य दिवस' असे पडले होते. भोगवटादाराच्या रकान्यापाशी लेखणी क्षणभर थांबली. तात्यांनी कोनाड्याकडे पाहिले, भिंतीच्या फटीतून निघालेली काळी, हलती ओळ पाहिली, आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: "मुंग्या. मुदत, उद्या सकाळपर्यंत."