दोन्हीकडून धक्का

सेलूजवळचं शेत. कापूस वेचून झालाय, पऱ्हाट्या उपटून बांधाला रचल्यात. मोकळ्या पट्ट्याच्या टोकाला मातीच्या उंच बांधाला पुठ्ठा टेकवलाय, आणि मोजून 10 मीटरवर खाटेवर पोतं, पोत्यावर छर्ऱ्याची बंदूक. पहिले चार छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ बसले. पाचवा दोन बोटं खाली गेला, सहावा त्याच्याही खाली. पोरगा छर्ऱ्यांचा डबा बदलतो, पोतं बदलतो, श्वास रोखून पाहतो. फरक पडत नाही. शेवटी काका उठतात, दुर्बीण सोडवतात आणि कानाशी धरून हलवतात. आत काहीतरी खुळखुळतं.

"एवढूशी तं बंदूक हाय, काका. दुर्बीण काऊन खराब झाली?"

प्रश्न रास्त आहे आणि बहुतेकांची फसगत इथंच होते. मोठा आवाज, खांद्याला मोठा धक्का, म्हणून दुर्बिणीलाही मोठा त्रास, असा सरळ हिशेब लोक मांडतात. आपल्याकडच्या परवानाधारकांना ठाऊक असलेली .315 ची रायफल घ्या. इशापूरच्या सरकारी कारखान्याची ही रायफल ली-एनफिल्डच्या वळणाची. तिच्या काडतुसाच्या बुडाशी बहुधा 'केएफ' कोरलेलं असतं, म्हणजे पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. साडेतीन किलोच्या आसपासची अशी रायफल गोळी सुटताना साधारण तीन मीटर प्रतिसेकंद वेगानं मागे येते, आणि हा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट वेळात येतो. ढोबळ गणित केलं तर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट झटका होतो. अर्ध्या किलोची दुर्बीण त्या क्षणी तिला धरणाऱ्या रिंगांना शंभर किलोनं ओढते. क्विंटलभर कापूस चार बारीक स्क्रूंना टांगल्यासारखंच हे. म्हणून जड रायफलीसाठी दुर्बीण घेताना पहिला प्रश्न वजनाचा विचारावा. 'किती पटीनं मोठं दिसतं' हा त्यानंतरचा.

तरीही हा धक्का एकाच दिशेचा, मागचा. दुर्बिणी बनवणारे तो गृहीत धरूनच आतली भिंगं बसवतात.

स्प्रिंगवाल्या छर्ऱ्याच्या बंदुकीची तऱ्हा वेगळी. नळी मोडून दाबली की आतला दट्ट्या मागे जाऊन अडकतो. खटका ओढला की ताणलेली स्प्रिंग तो पुढे फेकते आणि बंदूक मागे सरकते. दट्ट्या सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेवर आदळून थबकतो, तशी बंदूक उलट पुढे ओढली जाते. हे दोन झटके एकापाठोपाठ इतके झटपट येतात, की खांद्याला एकच थरथर जाणवते. दुर्बिणीला मात्र दोन्ही मोजावे लागतात. दुर्बिणीच्या आत फुली आणि भिंगं धरणारी एक छोटी नळी असते, स्प्रिंगनं वरच्या आणि बाजूच्या, नेम जुळवायच्या बटणांच्या टोकांवर रेटलेली. ती स्प्रिंग लेचीपेची असेल तर पुढच्या झटक्याला नळी जागा सोडते आणि परत तिथंच बसेल याची खात्री नसते. काकांच्या कानाशी खुळखुळलं ते बहुधा हेच. जड रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीण स्प्रिंगच्या बंदुकीवर मोडते ती यामुळेच. खोक्यावर 'शॉकप्रूफ' लिहिलेलं असणं पुरेसं नाही, स्प्रिंगच्या एअरगनसाठी चालते असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

आणखी एक गोष्ट शेतातच दिसली. बंदुकीच्या पाठीवरच्या 11 मिलिमीटरच्या खाचेवर रिंगच्या पुढं ताजी चकचकीत रेघ होती, तांदळाच्या दाण्याएवढी. दुर्बीण रिंगांसकट मागे सरकली होती. मागच्या रिंगेला अडवणारी खुंटी नव्हती. बंदुकीच्या पाठीवर तिच्यासाठी भोक होतं, पण त्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

कायद्याचं एक सांगायलाच हवं. .177 ची आणि 20 ज्यूलच्या आतली हवाई बंदूक परवान्यात येत नाही. पण सेलू तालुका म्हणजे बोर अभयारण्याचा शेजार. 1970 मध्ये अभयारण्य झालेलं हे जंगल 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पीक कितीही उकरलं गेलेलं असो, परवाना न लागणारी बंदूक असली तरी वन्यप्राण्यावर छर्रा झाडणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच. पुठ्ठ्यावरचा नेम मात्र बिनघोर.

दुसरी दुर्बीण आली ती चार पटींची, स्थिर. झूम नाही, चमकधमक नाही. आत हलणारे भाग कमी, वजन कमी. तिचा फोकस 10 मीटरपर्यंत खाली येतो. जड रायफलीसाठीच्या बऱ्याच दुर्बिणी शंभर यार्डांवर जुळवलेल्या असतात आणि इतक्या जवळचं धूसर दाखवतात. काकांनी खुंटी भोकात बसवली, अ‍ॅलन पान्यानं चारही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. एकच आधी पिळला तर नळी चेपते. मग प्रत्येक स्क्रूवरून रिंगपर्यंत घरातल्या नेलपॉलिशची बारीक लाल रेघ ओढली.

चाचणी चौकोनाची. नेम मधल्या ठिपक्यावरच धरायचा, तीन छर्रे झाडायचे. बटण चाळीस खटके उजवीकडे, तीन छर्रे. चाळीस वर, चाळीस डावीकडे, चाळीस खाली, आणि प्रत्येक वेळी तीन. कोनाच्या पाव मिनिटाचा खटका 10 मीटरवर पाऊण मिलिमीटरला किंचित कमी हलवतो, म्हणजे चाळीस खटक्यांचे जवळपास तीन सेंटिमीटर. दुर्बीण खरी असेल तर शेवटचे तीन पहिल्या तिघांवर येऊन बसतात. ते बसले. पोरानं पुठ्ठा काढून उजेडाकडे धरला.

पन्नास छर्ऱ्यांनंतर काकांनी पुन्हा पाना काढला. तीन रेघा अखंड होत्या, पुढच्या रिंगची एक तुटलेली. तो स्क्रू पाव फेरा ढिला निघाला.