लेखांक ७ : पैसे कोणी दिले?

मागच्या लेखांकात आपण खोटे दावे करणाऱ्या जाहिराती पाहिल्या. तिथला दोष सरळ दिसतो. जनसंपर्काच्या क्षेत्रातला खरा अवघड प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. सांगितलेली गोष्ट बऱ्याच अंशी खरी असेल, तरीही लोकांची फसवणूक होऊ शकते का? लंडनच्या बेल पॉटिंजर या कंपनीने २०१६-१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जे केले, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. पीआर शिकणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून वाचावे.

कंपनी लहानसहान नव्हती. १९८७ मध्ये ती स्थापन करणाऱ्यांतले टिम बेल हे मार्गारेट थॅचर यांच्या निवडणूक प्रचाराचे सूत्रधार म्हणून ओळखले जात. बेलारूसच्या लुकाशेन्को राजवटीचे कामही या कंपनीने घेतले होते. अशा कामांचे समर्थन करताना या व्यवसायातली माणसे एक युक्तिवाद नेहमी करतात : आरोपीला वकील मिळतो, मग बदनाम माणसाला पीआर का मिळू नये? युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण न्यायालयात कोण कोणाच्या बाजूने उभे आहे हे न्यायाधीशांसकट सगळ्यांना ठाऊक असते. वकीलपत्र दाखल केल्याशिवाय वकील उभा राहू शकत नाही. जनसंपर्कात वकीलपत्र लपवता येते, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

२०१६ मध्ये बेल पॉटिंजरने ओकबे या कंपनीचे काम घेतले. ओकबे गुप्ता बंधूंची. मूळचे उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे हे कुटुंब १९९३ नंतर दक्षिण आफ्रिकेत स्थिरावले आणि राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या अगदी जवळ गेले. गुप्तांनी आपल्याला अर्थमंत्रिपद देऊ केले होते, असे त्या देशाच्या अर्थ उपमंत्र्यांनी मार्च २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले. बँकांनी ओकबेची खाती बंद केली. अशा वेळी गुप्तांना आपल्यावरची नजर दुसरीकडे वळवायची होती. कामाचा मोबदला ठरला दरमहा एक लाख पौंड.

मोहिमेचा विषय होता ‘आर्थिक मुक्ती’. वर्णद्वेषी राजवट १९९४ मध्ये संपली, पण जमीन आणि भांडवल मोठ्या प्रमाणात गोऱ्यांच्याच हाती राहिले, हे तिथले जळते वास्तव आहे. ‘व्हाइट मोनोपॉली कॅपिटल’, म्हणजे गोऱ्यांचे मक्तेदार भांडवल, हा शब्दप्रयोगही या कंपनीने शोधलेला नव्हता. तो तिथल्या डाव्या चळवळीचा जुना शब्द. मोहिमेने तो उचलून धरला. गुप्तांवर आरोप करणारे सगळे या गोऱ्या भांडवलाचे हस्तक आहेत, असा सूर वाढत गेला. ट्विटरवर बनावट खात्यांची झुंड तेच बोलू लागली. गुप्तांच्या व्यवहारांवर लिहिणाऱ्या पत्रकारांना लक्ष्य केले गेले, एका महिला संपादकांची छायाचित्रे बदलून ती फिरवली गेली. या प्रचारात ज्यांना खलनायक ठरवले जात होते, त्या उद्योगपतींची रिशमाँ ही कंपनी स्वतः बेल पॉटिंजरची जुनी क्लायंट होती. तिने आपले काम काढून घेतले.

मला या प्रकरणातली सर्वांत क्रूर गोष्ट बनावट खाती वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेल्या माणसांचे खरे दुःख एका श्रीमंत कुटुंबाने स्वतःच्या बचावासाठी भाड्याने घेतले, आणि ज्यांचे ते दुःख होते त्यांना ते कळूही दिले नाही. ही मोहीम ओकबेच्या पैशावर चालली आहे, हे प्रत्येक मजकुराखाली लिहिले असते, तर तिच्यात काय बळ उरले असते?

मे २०१७ मध्ये गुप्तांचे ईमेल शोधपत्रकारांच्या हाती लागले आणि सगळे बाहेर आले. जुलैमध्ये कंपनीने माफी मागितली. तिनेच नेमलेल्या हर्बर्ट स्मिथ फ्रीहिल्स या कायदा कंपनीच्या अहवालाने एक महत्त्वाचा भेद केला आहे : आर्थिक मुक्तीच्या मोहिमेचे काम घेणे हाच नीतिभंग नव्हे, पण विषय वांशिक तेढीचा आहे हे माहीत असताना मजकुरावर काटेकोर लक्ष ठेवायला हवे होते, ते ठेवले गेले नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डेमोक्रॅटिक अलायन्स या तेव्हाच्या विरोधी पक्षाच्या तक्रारीवरून ब्रिटनमधल्या पीआरसीए या व्यावसायिक संघटनेने ४ सप्टेंबर २०१७ रोजी बेल पॉटिंजरची किमान पाच वर्षांसाठी हकालपट्टी केली. क्लायंट सोडून गेले. १२ सप्टेंबरला कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेली. कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिली नव्हती; व्यवसायबंधूंनी बाहेर काढले, तेवढे पुरले.

आता आपल्याकडे पाहू. इन्फ्लुएन्सरने पैसे, भेटवस्तू, फुकट प्रवास किंवा बार्टरमध्ये मिळालेली वस्तू घेऊन शिफारस केली, तर ते स्पष्ट सांगायचे, असा नियम मुंबईतल्या अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने, म्हणजे अॅस्कीने, जून २०२१ पासून लागू केला. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तशा मार्गदर्शक सूचना काढल्या : हा खुलासा हॅशटॅगच्या गर्दीत दडवायचा नाही, व्हिडिओत तो दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची, नंतर तीन वर्षांपर्यंतची बंदी येऊ शकते.

नियम चांगले आहेत. पण हा कायदा वस्तू आणि सेवांचा आहे. फेस क्रीमच्या रीलला तो लागू होतो. एखाद्या उद्योगसमूहाची प्रतिमा उजळण्यासाठी, आंदोलकांना देशद्रोही ठरवण्यासाठी, एखाद्या पत्रकाराला नामोहरम करण्यासाठी ट्रेंड चालवला, तर विकत घेतलेली गोष्ट ‘मत’ असते, आणि मत ही वस्तू नाही. बेल पॉटिंजरने दक्षिण आफ्रिकेत जे केले, ते यातच मोडते. पैसे घेऊन चालवलेल्या मतप्रचारालाही खुलासा सक्तीचा व्हायला हवा, आणि आपल्याकडच्या पीआर संघटनांनी सभासदाला बाहेर काढण्याची हिंमत दाखवायला हवी.

तोवर एजन्सीत नव्याने रुजू होणाऱ्या तरुणांना माझे एक सांगणे आहे. ब्रीफ हातात आले की विचारा, या मजकुराखाली क्लायंटचे नाव छापायचे का? उत्तर ‘नाही’ आले, तर ते काम घेऊ नका.